किती ओढतलंस गो?

पावसाळी मासेमारीबंदी उठल्यानंतरचा पहिलाच रविवार. १ जून ते ३१ जुलै मामाची होडी मालवणच्या वाळूत ताडपत्रीखाली झोपलेली. ‘‘आज इंजिन मी चालवणार!’’ असं म्हणत मी मागे जाऊन बसले. सुरुवात एकदम झकास झाली. किनारा सोडून दहा मिनिटं होतात न होतात तोच इंजिन गप्प! समोर सिंधुदुर्ग किल्ला, भोवती खडक आणि वारा आम्हाला तिकडेच ढकलतोय. फुल टेन्शन!

मी काय केलं? सगळे करतात तेच. दोरी ओढत सुटले. मामाने मात्र आधी नांगर टाकला. मग म्हणाला, ‘‘किती ओढतलंस गो? झाकणावरचो इस्क्रू सोडलंस काय?’’

नव्हता सोडला. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर हवेसाठी छोटा स्क्रू असतो. टाकी उचलून नेताना तो घट्ट करतात. सोडायचा राहिला, की पेट्रोल संपेल तशी आत पोकळी होते आणि पुढचं पेट्रोल अडतं. म्हणून तर दहा मिनिटं नीट चाललं! खूण सोपी आहे. नळीवरचा रबरी फुगा दाबला, की चपटाच राहतो. स्क्रू सोडून फुगा दाबत राहिले, तसा तो कडक झाला. म्हणजे पेट्रोल इंजिनापर्यंत पोचलं.

तरी चालू होईना. लाल दोरीची क्लिप जागेवर आहे? आहे. (हसू नका, ती निसटल्यामुळे भलेभले घामाघूम होतात!) गिअर न्यूट्रल? हो. मग प्लग काढला. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल येत नाहीये, ओला असेल तर जास्त झालंय. आमचा चिंब! गरम इंजिनाला चोक ओढून दोरी मारत बसण्याचा पराक्रम माझाच. प्लग पुसला, सांडलेलं पेट्रोलही पुसलं, चोक आत ढकलला आणि थांबलो. त्या होडीत दहा मिनिटं काहीच न करणं हे सगळ्यात कठीण काम होतं.

बंदीच्या आधीचं पेट्रोल मामाने आधीच काढून टाकलं होतं, नाहीतर कार्बोरेटरही उघडावा लागला असता. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओल धरतं आणि पडून राहिलं की आत चिकट थर बसतो. ते काम हलत्या होडीत? विसरा!

तिसऱ्या ओढीला इंजिन फुरफुरलं. मामाने नांगर वर घेतला आणि होडी सरळ घराकडे वळवली.

संध्याकाळी माझा उजवा खांदा वर होत नव्हता आणि मामी विचारत होती, ‘‘बांगडे किती हाडलंस?’’