पाळणाघर, जादा तास आणि रडणारं मूल

कुंडलिका नदीच्या एका अंगाला जुना जालना, दुसऱ्या अंगाला नवीन जालना. शहराबाहेर लोखंडाचे कारखाने आणि बियाण्यांच्या कंपन्या. वडील पाळीवर जातात, आई शाळेत, दवाखान्यात नाहीतर दुकानात, आणि आजी गावाकडे. मग गल्लीतल्याच एखाद्या काकूंकडे मूल ठेवलं जातं. अशी घरगुती पाळणाघरं चालवणाऱ्या भगिनींना दोन गोष्टी फार दमवतात: ठरल्यापेक्षा वाढणारे तास आणि रडणारं मूल. संध्याकाळी सात वाजता या दोन्ही एकदमच समोर येतात.

आपल्याकडे हे काम नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे ते कोसबाडला नेलं. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरणारी मुलगी शाळेत येणार कशी, हा तिथला रोजचा प्रश्न होता. म्हणून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांची सांगड घातली. त्यांच्या लेखी मूल सांभाळणं म्हणजे नुसती राखण नव्हती, ते शिक्षणाचंच काम होतं. पाळणाघरवाल्या ताईंनी आपल्या कामाकडे याच नजरेनं पाहावं.

आता मूल रडतं का, ते पाहू. साधारण आठव्या महिन्यापासून बाळाला आपलं आणि परकं माणूस नीट कळू लागतं. दहा ते अठरा महिन्यांत आईपासून दूर होण्याची भीती सर्वांत जास्त असते, आणि तीन वर्षांच्या सुमारास ती बरीच ओसरते. म्हणजे दारात रडणारं मूल हट्टी नसतं की लाडावलेलंही नसतं. आईनं त्याची नजर चुकवून निघून जाऊ नये. एकदा फसवलेलं मूल दुसऱ्या दिवशी पदर सोडतच नाही. "येते हं, तू दूध प्यायलास की मी येणार," असं सांगून, पापा घेऊन निघावं. मुलाला घड्याळ कळत नाही, पण जेवण, झोप, खाऊ हा क्रम कळतो.

ताईंनी रडणाऱ्या मुलाला आधी जवळ घ्यावं आणि मग खेळणं द्यावं. "आईची आठवण येते ना?" असं म्हटलं तरी त्याला बरं वाटतं. आईची जुनी ओढणी किंवा घरचं पांघरूण जवळ असू द्यावं. बागुलबुवाची भीती, अंधारी खोली, चापट आणि झोपेसाठी औषध या चार गोष्टी पाळणाघरात कधीही नकोत. ताप असेल, मूल पाणीही पीत नसेल किंवा काही केल्या शांत होत नसेल, तर पालकांना लगेच कळवावं.

गप्प मुलाकडेही लक्ष हवं. १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात आईवाचून राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट केला. रडं थांबलं म्हणजे मूल रुळलं असं नसतं, हे त्यातून जगाला दिसलं. मूल खातं का, खेळतं का, डोळ्याला डोळा देतं का, हे पाहावं.

संध्याकाळ सर्वांत नाजूक. मूल दमलेलं, भुकेलेलं असतं, आणि बाकीची मुलं एकेक करून घरी जात असतात. यासाठी थोडा खाऊ राखून ठेवावा. शेवटच्या मुलाला आपल्याबरोबर शेंगा सोलायला बसवावं. "तुझी आई अजून कशी आली नाही?" हे वाक्य मात्र त्याच्यासमोर तोंडातून निघू नये.

जादा वेळेचं पहिल्याच दिवशी बोलून, लिहून ठेवावं. सुटण्याची वेळ कोणती, त्यानंतर अर्ध्या तासाचे पैसे किती, उशीर होणार असेल तर फोन किती आधी, आई-वडिलांशिवाय मूल कोणाच्या हाती द्यायचं. ओळखीमुळे आपण पैसे मागायला संकोचतो, मग राग साचतो आणि तो नकळत मुलावर निघतो. म्हणून दर ठरवणं मुलाच्याही हिताचं आहे. रोजच उशीर होत असेल, तर वेळच नव्यानं ठरवावी. ताईंच्या घरीही चूल आणि मुलं आहेतच.

पालकांनीही एक जाणावं. कायद्याप्रमाणे पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघराची सोय हवी, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथं जाता येतं. तशा ठिकाणी नोकरी असेल, तर ही सोय जरूर मागावी. लहान दुकानं आणि कार्यशाळा मात्र यातून सुटतात. तिथल्या आयांना गल्लीतल्या ताईंचाच आधार. तो टिकवायचा असेल, तर महिन्यातून एकदा दोघींनी निवांत बसावं, मुलाविषयी बोलावं आणि हिशेबही तेव्हाच पुरा करावा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)