लहान गाडीचे इंजिन : आकडे आणि भरवसा

वसंत व्याख्यानमालेत आम्ही मोटारीच्या इंजिनावर बोलणार, हे ऐकून काही मित्रांस हसू आले. ज्या व्यासपीठावर संतवाङ्मय, राज्यघटना आणि अर्थकारण यांवर विद्वान बोलतात, तेथे पिस्टन आणि गॅस्केट कशाला, असा त्यांचा सवाल. आमचे उत्तर साधे आहे. जी वस्तू आपण रोज वापरतो, आणि बिघडली की जिच्यापायी दुसऱ्या माणसास बोल लावतो, ती निदान ढोबळ मानाने समजून घेणे हे नागरिकाचे कर्तव्यच आहे. आम्ही विद्वान नाही. पंधराव्या वर्षी गॅरेजात हत्यारे पुसायला लागलो. रात्री शब्दकोश शेजारी ठेवून इंग्रजी माहितीपुस्तिका वाचल्या. पुढे कामगार संघटनेच्या कामात पडलो. तेव्हा येथे सांगणार ते बहुतेक हाताला काळे लावून शिकलेले आहे.

उदाहरणासाठी आपण सर्वांच्या परिचयाचे इंजिन घेऊ : मारुती 800 चे. 14 डिसेंबर 1983 रोजी या गाडीची पहिली किल्ली ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी 2014 मध्ये तिचे उत्पादन थांबले. तीस वर्षे आपल्या मध्यमवर्गाने याच गाडीवर मोटार चालवण्याचे धडे गिरवले.

आता आकडे पाहू. या इंजिनात तीन सिलिंडर. प्रत्येकाचा व्यास 68.5 मिलिमीटर, आणि त्यात पिस्टनची खालीवर धाव 72 मिलिमीटर. तिन्ही पिस्टनांच्या धावेची जागा मोजली तर 796 घन सेंटिमीटर भरते. म्हणजे पाऊण लिटराहून किंचित जास्त, एका तांब्याएवढी. ‘आठशे’ हे नाव येथूनच आले. या जागेत पिस्टन चार कामे ओळीने करतो : हवा-पेट्रोल आत ओढतो, ते दाबतो, पेटल्यावर त्याच्या जोराने खाली ढकलला जातो, आणि शेवटी धूर बाहेर लोटतो. चारांतले एकच काम कमाईचे; बाकीची तीन त्या कमाईवर जगतात. संसाराचा हिशेब याहून फार वेगळा नसतो.

पुढे पेट्रोल फवारून देणारी जी आवृत्ती निघाली, तिची शक्ती सुमारे 37 अश्वशक्ती, तीही मिनिटाला 5000 फेऱ्यांवर. मात्र फिरवण्याचा सर्वांत मोठा जोर, ज्यास टॉर्क म्हणतात, तो 2500 फेऱ्यांच्या आसपासच मिळतो. याचा अर्थ नीट ध्यानी घ्यावा. हे इंजिन शर्यतीसाठी नव्हे, तर बाजारपेठेतून, सिग्नलवरून, रिक्षांच्या गर्दीतून निघण्यासाठी घडवले आहे. गाडीही हलकी, साडेसहाशे किलोच्या आसपास. म्हणून थोडकी शक्तीही पुरते.

तथापि ‘लहान’ म्हणजे ‘कमी कष्टाचे’ असे समजू नये. 5000 फेऱ्यांवर प्रत्येक सिलिंडरात मिनिटाला 2500 वेळा पेट्रोल पेटते. तिन्हींचे मिळून सेकंदाला सुमारे 125 धक्के होतात. पिस्टनचा सरासरी वेग तेव्हा सेकंदाला 12 मीटर असतो, आणि प्रत्येक फेरीत त्यास दोनदा थांबून उलटे फिरावे लागते. धातू आणि धातू यांच्यामध्ये तेलाचा पातळसा पडदा असतो, म्हणून हे सारे निभते.

येथवरचे आकडे कंपनीच्या कागदावर मिळतात. परंतु भरवशाचा आकडा कोणत्याच कागदावर नसतो. इंजिन किती टिकेल, हे विचारताना आपण किलोमीटर मोजतो. शहरात ही मोजणी फसवी आहे, हेच आम्हांस आज मुख्यतः सांगावयाचे आहे.

समजा, गाडी ताशी 40 किलोमीटर वेगाने चालली आहे आणि इंजिन मिनिटाला 2000 फेऱ्या घेत आहे. म्हणजे एका किलोमीटरला 3000 फेऱ्या झाल्या. आता तीच गाडी दुकानाबाहेर इंजिन चालू ठेवून तासभर उभी राहिली. जागच्या जागी इंजिन मिनिटाला 800 फेऱ्या घेते असे धरले, तर तासाच्या 48,000 फेऱ्या होतात. म्हणजे 16 किलोमीटरांच्या प्रवासाइतक्या. मीटरवर मात्र शून्य! उभ्या इंजिनावर भार कमी असतो हे खरे; पण तेलाचा दाबही कमी असतो, आणि रेडिएटरवर समोरून येणारा वारा मुळीच नसतो.

दुसरी गोष्ट लहान अंतरांची. थंड इंजिन सुरू करताना त्यास पेट्रोल जास्त द्यावे लागते. ते सगळे जळत नाही. काही भाग सिलिंडराच्या भिंतीवरचे तेल धुऊन खाली तेलातच मिसळतो. जळणातून वाफही होते, आणि थंड भागात तिचे पाणी होते. गाडी तासभर चांगली चालली तर तेल तापून हे पाणी व पेट्रोल उडून जाते. पण घरापासून मंडईपर्यंत आणि मंडईपासून घरापर्यंत, एवढेच चालणाऱ्या गाडीचे तेल पुरते तापतच नाही. ते काळे, चिकट होते, आणि बारीक वाटा बुजवते. म्हणून ‘गाडी फारशी चाललीच नाही, तेल कशाला बदलायचे?’ हा युक्तिवाद चुकीचा आहे. पुस्तिकेत किलोमीटर आणि महिने असे दोन्ही लिहिलेले असतात, आणि जे आधी पुरे होईल ते पाळायचे असते. आपण सोयीचे तेवढे वाचतो.

आता 2009 च्या उन्हाळ्यातली एक हकीकत सांगतो. आमच्या संघटनेतला एक चालक एका व्यापाऱ्याकडे नोकरीला होता. गाडी हीच, आठशे. दुपारी घरची मंडळी गाडीत बसलेली, एसी चालू, गाडी पेठेत उभी, असा रोजचा क्रम. एके दिवशी गाडी तापली, हेड गॅस्केट उडाले, पाणी तेलात गेले आणि तेल चहासारखे दुधट झाले. वरचे हेड अॅल्युमिनियमचे असते. फार तापले की ते वाकते. दुरुस्तीचा खर्च मोठा आला. मालकाने तो चालकाच्या पगारातून दरमहा कापायला सुरुवात केली.

आम्ही भेटायला गेलो. चालकाचे म्हणणे, “मी दोनदा सांगितले होते, शेठ, पंखा फिरत नाही. तुम्ही म्हणालात, गाडी चालते ना? मग चालव.” मालकाचे म्हणणे, “वर्षात गाडी चालली किती, बघा तरी! एवढ्यात इंजिन जाते कसे? यानेच हयगय केली.” आम्ही वाद घातला नाही. दोघांस घेऊन गॅरेजात गेलो.

या गाडीत रेडिएटरमागचा पंखा विजेवर चालतो. पाणी ठराविक तापले की एक छोटा स्विच त्यास चालू करतो. गाडी धावत असता वारा आपोआप लागतो, म्हणून पंखा बंद असला तरी कित्येक दिवस कळत नाही. उभ्या गाडीस मात्र त्या पंख्यावाचून आधार नाही. मिस्त्रीने पंख्याची तार थेट बॅटरीला लावली. पंखा झकास फिरला. म्हणजे पंखा धड, स्विच मेलेला. रेडिएटरमधून गंजाचे तांबडे पाणी निघाले. कूलंटऐवजी वर्षानुवर्षे नळाचे पाणी भरले गेले होते. मग आम्ही मघाचा तासांचा हिशेब कागदावर मांडून दाखवला. मालक हिशेबाचा माणूस होता. कागद बराच वेळ पाहत राहिला, आणि कापलेले पैसे परत करतो म्हणाला; पुढे केलेही.

परंतु बाहेर आल्यावर आम्ही चालकासही विचारले, “काटा लालवर गेल्यावर तू गाडी थांबवली का नाहीस?” तो म्हणाला, “पोरांची शाळा सुटायची वेळ झाली होती, दादा. उशीर झाला की बोलणी खावी लागतात.” त्याचीही चूक होतीच. काटा लालवर गेला की गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे, आणि ते गार होईपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतले दाबाखालचे पाणी उसळून तोंड भाजते. हे त्यास ठाऊक होते. पण ठाऊक असूनही थांबण्याची मोकळीक त्यास नव्हती. त्याने ती नोकरी पुढे सोडली.

इंजिनाचा भरवसा म्हणजे काय, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. तीन सिलिंडर आणि 37 अश्वशक्ती हे कारखाना देतो. वेळेवर बदललेले तेल, स्वच्छ कूलंट, मुदतीत बदललेला टायमिंग बेल्ट हे मालक देतो. आणि पंखा फिरत नाही हे पहिल्यांदा ज्याच्या कानाला कळते, तो चालक असतो किंवा मिस्त्री. त्याचे सांगणे ऐकले गेले नाही, तर पहिल्या दोघांचे देणे वाया जाते.

मीटर किलोमीटर दाखवतो, तास दाखवत नाही. गाडीत वाट पाहत बसलेल्या माणसाचे तासही कोठे नोंदलेले नसतात. आज घरी जाल तेव्हा गार इंजिनाचे बॉनेट एकदा उघडा, तेलाची पट्टी ओढून पाहा; आणि आपली गाडी दुसरा कोणी चालवत असेल, तर त्यास विचारा, “गाडीचे काय म्हणणे आहे?” उत्तर मिळाल्यावर मात्र ते ऐकून घ्या.