अरण्यात हरवलेले हेलिकॉप्टर

सन २००८ च्या ऑगस्टच्या ३ तारखेस हैदराबादहून रायपूरकडे निघालेले एक हेलिकॉप्टर आतील चार माणसांसह वाटेतच बेपत्ता झाले. अशा वेळी अखेरच्या संदेशाचे स्थळ केंद्र धरून वर्तुळ आखतात. वेग आणि त्यानंतर उड्डाण शक्य असलेला काळ यांचा गुणाकार ही त्याची त्रिज्या. काळ दुप्पट धरला की शोधाचे क्षेत्र चौपट होते! वाळवंटात निदान सावली तरी दिसते. भर पावसाळ्यात ढग व दाट पालवी यांखालचे वरून काय दिसणार? संकटसूचक यंत्र उपग्रहास हाक देते खरे. परंतु आघाताने अँटेना तुटली तर तेही मुके. अवशेष सापडले ते नोव्हेंबरात, तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्याच्या जंगलात. चौघांपैकी कोणीही वाचले नव्हते.