एका कठीण खेळानंतर
हिदेताका मियाझाकी यांचा ‘डार्क सोल्स’ (2011) हा व्हिडिओ गेम तडीस नेल्यावर पुढे कोणता खेळ हाती घ्यावा, याचा निवाडा खेळाडूने स्वतःचा स्वभाव पाहूनच करावा. ढालीआड थांबण्याची ज्याला सवय जडली आहे, त्याला ‘ब्लडबोर्न’ (2015) आरंभी बेजार करील. कारण तेथे घाव बसताच तत्क्षणी प्रतिप्रहार केला, तर गमावलेल्या प्राणशक्तीचा काही अंश परत मिळतो. ‘सेकिरो’त (2019) शत्रूचा वार नेमक्या क्षणी आपल्या पात्यावर झेलावा लागतो, ठिणगी उडते, खणकन आवाज होतो, आणि त्या तालातच त्याचा तोल ढासळत जातो, माझ्या मते या प्रकारातील सर्वांत निर्मळ द्वंद्व हेच. वारंवार हरण्याचा ज्याला शीण येतो, त्याने ‘एल्डन रिंग’ (2022) घ्यावा: किल्ल्याच्या वाटेवर मार्गिट नावाचा बलाढ्य शत्रू आडवा आला, तर त्याला तसाच सोडून मुलूखभर हिंडावे, बळ वाढवावे आणि मग परतावे.