वच्छोम नगर आणि राजशेखराची रंगभूमि

नाटक आणि राष्ट्र यांचें नातें म्हटलें कीं वाचकांस खाडिलकरांचें 'कीचकवध' आठवतें. १९०७ सालीं रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकावर १९१० सालीं सरकारनें बंदी घातली. पौराणिक कथेआडची देशस्थिति प्रेक्षकांनीं ओळखली होती. वऱ्हाडापुरतें बोलावयाचें तर अमरावतीचे वीर वामनराव जोशी यांचें 'रणदुंदुभि' त्याच कुळांतलें. परंतु रंगभूमीनें देशाचें नांव मिरवावें ही गोष्ट इंग्रजी अमलांत प्रथम घडली असें नाहीं. तिचा एक फार जुना धागा वाशीमास येऊन पोंचतो, आणि तो हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं विशेष पाहण्यासारखा आहे.

भरताच्या नाट्यशास्त्रांत 'प्रवृत्ति' या नांवाखालीं निरनिराळ्या देशांचे वेष, भाषा व आचार यांचा विचार केला असून दाक्षिणात्या, आवंती, औड्रमागधी व पांचालमध्यमा अशा चार प्रवृत्ति सांगितल्या आहेत. दक्षिणेकडील लोकांस नृत्य, गीत, वाद्य फार प्रिय, म्हणून त्यांस कैशिकी वृत्ति दिली आहे. नाट्याचे प्रकार पाडतांना शास्त्रकाराच्या मनापुढें देश होते, हें यावरून उघड होतें.

या शुष्क वर्गीकरणाची राजशेखरानें गोड कथा केली. त्याच्या काव्यमीमांसेंत काव्यपुरुष रुसून निघून जातो आणि गौरीनें निर्माण केलेली साहित्यविद्यावधू त्याच्या मागोमाग देशोदेशीं फिरते. ज्या देशांत ती जो वेष करते ती तेथील प्रवृत्ति, जो विलास करते ती वृत्ति, आणि तो जें बोलतो ती रीति. पूर्वेकडे त्याचें मन वळत नाहीं. दक्षिणेंत मात्र तो पुरता वश होतो, आणि विदर्भांतील वत्सगुल्म नगरांत उभयतांचा गांधर्व विवाह होतो. हें वत्सगुल्म म्हणजे आजचें वाशीम, १९९८ सालीं अकोल्यापासून वेगळ्या झालेल्या जिल्ह्याचें मुख्य ठिकाण.

ही झाली शास्त्रग्रंथांतील कथा. प्रत्यक्ष नाटकांतही तेंच नगर येतें. 'कर्पूरमंजरी' हें राजशेखराचें सट्टक आरंभापासून शेवटपर्यंत प्राकृतांत आहे. त्याच्या नांदींत रीतींची नांवें घेतांना कवि प्रथम 'वच्छोमी'चें नांव घेतो. पुढें पहिल्याच अंकांत भैरवानंद आपलें सामर्थ्य दाखवावयास निघतो, तेव्हां विदूषक सांगतो कीं दक्षिणापथांत वच्छोम नांवाचें नगर आहे व तेथें आपण एक कन्यारत्न पाहिलें. योगी तिला तत्काळ आणतो; बिचारी नुकतीच स्नान करून उठलेली असते! हीच नायिका.

राजशेखराचें वास्तव्य कनोजास, प्रतिहार राजा महेंद्रपालाच्या आश्रयास होतें. पण आपल्या पणज्याला, अकालजलदाला, तो महाराष्ट्राचा चूडामणि म्हणवितो. उत्तरेंतील दरबारीं राहून नायिका वच्छोमाहून आणावी, हा आमच्या मतें केवळ योगायोग नव्हे.

येथें पोथ्यांचा प्रश्न उपस्थित होतो. संस्कृत छाया लिहिणारे 'वच्छोमी'चें 'वैदर्भी' करतात. अर्थ चुकत नाहीं, परंतु नगर जाऊन प्रांत उरतो. केवळ छाया वाचणाऱ्यास वाशीम कधीं दिसणारच नाहीं. १९३९ सालीं वाशीमास विंध्यशक्ति दुसरा याच्या ३७ व्या राज्यवर्षांतील ताम्रपट सांपडला. तो वत्सगुल्माहूनच दिलेला आहे. त्यानें वाकाटकांची ही शाखा प्रकाशांत आली व सर्वसेन तिचा संस्थापक ठरला. ज्याच्या 'हरिविजय' या प्राकृत काव्याचा आनंदवर्धन उल्लेख करतो तोच हा सर्वसेन होय. ताम्रपटांत वंशावळ संस्कृतांत व दानाचा भाग बहुतेक प्राकृतांत आहे, हेंही ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

मात्र एवढ्यावरून वत्सगुल्मीं राजाश्रित नाट्यगृह होतें असें म्हणणें धाडसाचें होईल. वाकाटकांची ही शाखा आणि राजशेखर यांमध्यें सुमारें चारशें वर्षांचें अंतर आहे. त्याच्या लेखनांत आढळते ती स्मृति. आमची संग्राहकांस विनंति इतकीच कीं, कर्पूरमंजरीची जुनी प्रत हातीं आल्यास छायेवर न विसंबतां नांदींतील रीतीचें नांव व विदूषकाच्या तोंडचें नगराचें नांव मूळ प्राकृतांत जसें असेल तसें, पत्रांकासह, उतरून घ्यावें.