पक्ष्यांच्या नजरेत न येता फोटो कसे काढायचे? समजून घ्या ‘लपण’

हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत शिवडीच्या चिखलात फ्लेमिंगो उतरतात आणि आपल्या फीडवर गुलाबी फोटोंचा पूर येतो. कुणीतरी जास्तच जवळ जातं, अख्खा थवा उडतो. व्हिडिओ भारी दिसतो, पण त्या पक्ष्यांचं खाणं तिथेच थांबतं. यावरचा जुना उपाय म्हणजे लपण.

लपण म्हणजे काय?

सावजाची वाट पाहण्यासाठी शिकारी जमिनीवर जो आडोसा करायचे, तोच. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आज शिकारीला बंदी आहे, पण आडोसा अभ्यासक आणि फोटोग्राफर्सच्या कामी आला.

गिरगावच्या खेतवाडीत वाढलेल्या सलीम अलींचा प्रवासही असाच झाला. लहानपणी त्यांनी छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती कोणती, हे विचारायला ते ‘बीएनएचएस’मध्ये गेले आणि पक्ष्यांच्या जगात शिरले. पुढे १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचं तासन्‌तास निरीक्षण केलं. नर घरटं अर्धवट बांधतो, मादीला पसंत पडलं तरच ते पूर्ण होतं, हे त्यांनी टिपलं.

लपण नीट कसं लपवायचं?

- आधी उभारा, मग वापरा. काही दिवस रिकामं ठेवलं की पक्ष्यांना त्याची सवय होते.
- मागे झाडी हवी. मोकळ्या आकाशासमोरचा चौकोनी तंबू लांबूनही ओळखू येतो. सुकलेलं गवत, पडलेल्या फांद्या लावून त्याच्या सरळ कडा मोडा. जिवंत फांद्या तोडू नका.
- आत अंधार ठेवा. मागची खिडकी उघडी राहिली तर तुमची सावली हलताना दिसते. गडद कपडे घाला.
- कापड घट्ट ताणा. वाऱ्यावर फडफडणारं कापड रंगापेक्षा जास्त घात करतं.
- दोघं आत जा, एकाने बाहेर या. माणूस निघून गेला असं समजून बरेच पक्षी निर्धास्त होतात.

शिवडीत काय करायचं?

इथे तंबू लागतच नाही. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. पाणी चढू लागलं की पक्षी स्वतःच किनाऱ्याकडे सरकतात. जेट्टीवर एका जागी शांत थांबा. चिखलात उतरू नका, ड्रोन उडवू नका.

घरट्याजवळ लपण चालेल?

हौसेसाठी नकोच. आडोशासाठी पानं बाजूला केली की घरटं कावळ्यांना दिसतं, आणि घाबरलेले आईबाप पिल्लांकडे परतत नाहीत. जंगलात लपण उभारायचं असेल, तर आधी वनविभागाची परवानगी घ्या.

एक सोपी खूण लक्षात ठेवा. खाणारे पक्षी माना वर करून एकाच दिशेला बघू लागले, तर त्यांनी तुम्हाला पाहिलंय. तेव्हा कॅमेरा खाली ठेवा आणि हळूच मागे या.