धुकं कसं सांगायचं?

खरवईच्या मुलांना चंदेरीचा सुळका ओळखीचा. पावसाळ्यात तो धुक्यात अर्धा बुडतो. हे दृश्य चिनी शाईचित्रासारखं संगणकाकडून काढून घ्यायचं, तर आपण काय लिहू? नुसतं ‘चिनी शैलीत डोंगर’ म्हटलं, तर लाल कंदील आणि ड्रॅगनही येऊ शकतात. असं का? यंत्र चित्रं आणि त्यांखालचे शब्द जोडीनं शिकलेलं असतं. ‘चिनी’ शब्दाशी हे सारंच जोडलेलं. म्हणून शैलीच्या नावाबरोबर चित्रकाराची कृतीही सांगू या : फक्त काळी शाई, पाण्यानं पातळ केलेल्या छटा, जवळचा कडा गडद, दूरचा फिका, माणूस अगदी लहान, धुक्याच्या जागी कोरा कागद. वर्गात आधी असं एखादं चित्र नीट पाहू या. काय दिसतं, ते मुलांनाच लिहू द्या.